घराखालच्या बोअरमधून हीटिंग आणि एसी: दोन कोटेशनं आलीत, कुठलं घ्यावं?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. घर कोलंबसजवळ, दुमजली अधिक बेसमेंट, २४०० चौरस फूट. गॅसची लाइन नाही, आत्तापर्यंत प्रोपेनची फर्नेस आणि जुना एसी. दोन्ही एकदम बदलायची वेळ आली आहे, म्हणून जमिनीत पाइप सोडून चालणारा हीट पंप (इकडे सगळे नुसतं 'जिओथर्मल' म्हणतात) बसवायचा विचार आहे. मॅन्युअल जे पद्धतीने लोड (घराला ताशी किती उष्णता द्यावी किंवा काढावी लागेल तो आकडा) काढून घेतलाय: कडाक्याच्या थंडीत ताशी ४४,००० बीटीयू (उष्णतेचं इकडचं माप), उन्हाळ्यात २८,०००.

कोटेशन अ: ५ टनाचं मशीन, २०० फुटांची ३ बोअर, १ इंची पाइप, पाणी गोठू नये म्हणून त्यात ३० टक्के ग्लायकॉल. ग्राउटबद्दल (पाइपभोवतीची बोअरमधली जागा भरायचं मिश्रण) विचारलं तर "बोअरमधून निघालेल्या चुऱ्यानेच भरून घेऊ" असं उत्तर.
कोटेशन ब: ४ टनाचं टू-स्टेज मशीन, ३५० फुटांची २ बोअर, सव्वा इंची पाइप, वाळू मिसळलेलं बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) ग्राउट, २० टक्के प्रॉपिलिन ग्लायकॉल. हे साडेचार हजार डॉलरनी महाग.

अ वाला म्हणतो मोठं मशीन कमी पैशात मिळतंय, मग विचार कसला करताय. अर्धा एकर जागा आहे, तेव्हा बोअरऐवजी आडवे चर खणून भागेल का? आणि मुळात हे चालतं कसं, हे कुणी साध्या शब्दांत सांगेल का? दोन्ही सेल्समननी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

---

पेवातला_दाणा

आधी नावाचा घोळ. 'जिओथर्मल' म्हटलं की आपल्याला वज्रेश्वरी, उन्हवरे, राजवाडीची गरम पाण्याची कुंडं आठवतात. तुमच्या बोअरचा त्याच्याशी संबंध नाही. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता चौरस मीटरला जेमतेम ०.०६ ते ०.०७ वॉट, एवढ्यावर घर काय, चहाचा कप गरम राहणार नाही. पहिल्या शे-दीडशे मीटरमधली ऊब ही मुख्यतः वर्षानुवर्षं मुरलेली उन्हाची ऊब असते. म्हणून तिथलं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरी हवेएवढं, किंवा अंशभर जास्त. कोलंबसला साधारण १२ अंश सेल्सियस.

गावाकडच्या विहिरीचं पाणी दिवाळीच्या पहाटे कोमट लागतं आणि मे महिन्यात गार. पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं असतं, बाहेरची हवा तेवढी वरखाली होते. हीट पंप याच फरकाचा फायदा घेतो.

हिवाळ्यात बोअरमधल्या पाइपांतून फिरून आलेलं पाणी (सतत उष्णता काढल्यामुळे १२ वरून ०-५ अंशांवर उतरलेलं) मशीनमधल्या कॉइलभोवती फिरतं. कॉइलच्या आतला गॅस उणे पाचच्या आसपास उकळत असतो, त्यामुळे आपल्याला बर्फगार वाटणारं पाणीसुद्धा त्याच्या दृष्टीने गरमच. उकळताना तो पाण्याची उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून ४५-५० अंशांपर्यंत चढवतो, आणि घरातल्या हवेच्या कॉइलमध्ये तो परत द्रव होताना ती उष्णता डक्टमध्ये सोडतो. विजेचा एक भाग घातला की घरात साडेतीन-चार भाग उष्णता मिळते. वरचे अडीच-तीन भाग जमिनीतून आलेले. उन्हाळ्यात चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह गॅसची दिशा फिरवतो आणि घरातली उष्णता त्याच पाइपांतून जमिनीत जाते. फ्रिजच्या मागची जाळी गरम का लागते हे ज्याला कळलं त्याला हे सगळं कळलं.

बाकी मशीन कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं घ्या, उन्नीस-बीसच असतं. पैसे बुडतात ते जमिनीखाली.

---

दीड_टनी

वरच्या शेवटच्या वाक्याला +१. आता आकडे.

पहिला सापळा 'टन' या शब्दात आहे. ४ टन म्हणजे ४८,००० बीटीयू हे कूलिंगचं नाममात्र माप. हीटिंगमध्ये मशीनला मिळणारं पाणी ३२ फॅरनहाइटपर्यंत उतरलं की तेच मशीन साधारण ३८,००० देतं. कॅटलॉगमध्ये दोन रकाने असतात: 'ग्राउंड वॉटर' (हीटिंगला ५० फॅरनहाइटचं पाणी धरून) आणि 'ग्राउंड लूप', म्हणजे जमिनीतल्या बंद पाइपांचा फेरा (३२ धरून). सेल्समन पहिल्या रकान्यातला देखणा आकडा दाखवतो, तुम्हाला लागू पडतो दुसरा.

ब च्या मशीनला ४४,००० पैकी ३८,००० जमतात. उरलेले ६,००० बीटीयू म्हणजे पावणेदोन किलोवॉट, ते इलेक्ट्रिक हीट स्ट्रिप भरून काढेल. इतकी थंडी वर्षात मोजके तासच असते, त्यामुळे सगळ्या हिवाळ्याच्या उष्णतेतला दोन-तीन टक्के वाटाच स्ट्रिपकडे जातो. तेवढ्यासाठी मोठं मशीन आणि मोठा लूप घेणं म्हणजे वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी जादा खोली बांधणं. उलट अ चं ५ टनी मशीन तुमच्या २८,०००च्या उन्हाळी लोडला दुपटीहून मोठं आहे. पाच-सात मिनिटं चालेल, खोली गार करेल आणि दमटपणा न काढताच बंद पडेल. जुलैत बेसमेंटला कुबट वास येईल तो यामुळे.

आता बोअर. सीओपी (विजेच्या एका भागामागे घरात मिळणारी उष्णता) ३.६ धरला तर घरात दिलेल्या उष्णतेपैकी ७२ टक्के जमिनीतून येते.

ब: ३८,००० × ०.७२ = साधारण २७,४०० बीटीयू, ७०० फुटांवर वाटले. फुटाला ३९ बीटीयू, म्हणजे मीटरला ३८ वॉट.
अ: ५ टनी मशीन ४८,००० देईल असं धरा. जमिनीतून ३४,७००, ते फक्त ६०० फुटांवर. मीटरला जवळपास ५६ वॉट.

म्हणजे मोठं मशीन आणि आखूड लूप. टनाला १५० ते २०० फूट बोअर हा ढोबळ हिशोब. अ मध्ये टनाला १२० च पडतात, ब मध्ये १७५.

त्यात ग्राउट. पाइप आणि बोअरची भिंत यांच्यामधल्या भरावाचा उष्णतेला जो अडथळा होतो तो साध्या बेंटोनाइटला दर मीटरला ०.१८ च्या आसपास आणि वाळू मिसळलेल्याला ०.११ च्या आसपास (केल्विन प्रति वॉट). ब मध्ये ३८ × ०.११ म्हणजे फक्त ग्राउटमुळे ४ अंशांची घट. अ ला साधं बेंटोनाइट भरलं असं गृहीत धरलं तरी ५६ × ०.१८ म्हणजे १० अंश. जमीन १२ ची, त्यातले १० ग्राउटनेच खाल्ले, आणि हंगामाच्या शेवटी बोअरभोवतीची जमीन स्वतः गार झालेली असते ती वेगळीच. फेब्रुवारीत पाणी शून्याच्या बरंच खाली जाईल, मशीन फ्रीझ-लॉकआउटवर (पाणी गोठू नये म्हणून असलेला कटऑफ) बंद पडेल आणि मग महिनाभर स्ट्रिपवर घर चालेल. आणि चुऱ्याने भरलेल्या बोअरमध्ये पोकळ्या राहतात. हवेची पोकळी म्हणजे पाइपला स्वेटर घातल्यासारखं.

३० टक्के ग्लायकॉलचा सोस कशासाठी ते कळत नाही. २० टक्क्यांना गोठणबिंदू उणे ७ च्या आसपास जातो, ब च्या लूपला तेवढा पुरे. जास्त घातलं की पाणी दाट होतं. सव्वा इंची पाइपमधून मिनिटाला ६ गॅलन जात असताना शून्य अंशाला २० टक्क्यांचा रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह किती घुसळतो ते सांगणारा) साडेतीन हजारांच्या आसपास येतो, ३० टक्क्यांचा जेमतेम २,३००. त्याखाली प्रवाह पाइपमध्ये शांत थरांनी वाहतो, मधलं पाणी भिंतीला शिवतच नाही, आणि उष्णता घ्यायची राहून जाते. पंपालाही जास्त वीज लागते ती आहेच.

आडवे चर: ४ टनाला सुमारे २,००० फूट पाइप, ५-६ फूट खोल, शंभर-सव्वाशे फुटांचे चार चर, दोन चरांत १० फूट अंतर. अर्ध्या एकरात घर, ड्राइव्हवे, झाडं आणि सेप्टिकचं शोषक्षेत्र वगळून एवढी सलग जागा उरते का ते टेप घेऊन मोजा. सेप्टिकजवळ चर नकोच. उरत असेल तर स्वस्त पडेल. पण पाच-सहा फुटांवर तापमान ऋतूप्रमाणे हलतं, त्यामुळे मार्चमध्ये पाणी बोअरपेक्षा गार येणार हे धरून चाला.

अवांतर: ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिटचं गणित कुणी कोटेशनमध्ये दाखवलं असेल तर ते खोडा. घरमालकांसाठीचं ते क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला लागू नाही.

---

पाणाड्या

बोअरच्या बाजूने थोडं. ग्राउट उष्णतेसाठी असतं तसंच भूजलासाठीही असतं. ३५० फुटांचं भोक दोन-तीन जलथर भेदून जातं. ते नीट बंद केलं नाही तर वरचं गढूळ पाणी खालच्या स्वच्छ थरात उतरतं, किंवा खालचं दाबाखालचं पाणी वर येऊन अंगणात वाहायला लागतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मनीतलं श्टाउफेन गाव. २००७ मध्ये नगरपालिकेच्या इमारतीच्या गरम-गारीसाठी सात बोअर घेतली, १४० मीटरपर्यंत. खाली ॲनहायड्राइटचा थर होता. बोअरमधून दाबाचं भूजल त्या थरात शिरलं. ॲनहायड्राइटला पाणी मिळालं की त्याचं जिप्सम होतं आणि आकारमान ६० टक्क्यांपर्यंत वाढतं. गावचा जुना भाग महिन्याला सेंटीमीटरच्या हिशोबाने वर उचलला गेला, अडीचशेहून जास्त इमारतींना तडे गेले. हीट पंपात काहीच बिघाड नव्हता.

तुमच्याकडे वर हिमनदीने आणून टाकलेली चिकणमाती आणि गोटे, त्याखाली चुनखडक नाहीतर शेल असतो. ड्रिलरला दोन प्रश्न विचारा: वरच्या मातीत केसिंग किती फूट, आणि चुनखडकात पोकळी लागून ग्राउट खाली नाहीसं झालं तर काय करणार. दुसऱ्या प्रश्नाला तो लगेच उत्तर देऊ शकला तर माणूस कामाचा आहे. दोन बोअरमध्ये २० फूट अंतर ठेवा, १५ च्या खाली जाऊ नका.

---

ओहायोकर

सगळ्यांचे आभार. अ बाद. दोन शंका: सध्याचे डक्ट प्रोपेन फर्नेसचे आहेत, तेच चालतील का? आणि नाशिकला आईबाबांच्या बंगल्यात दोन टनाचा एसी लागतो, उन्हाळ्यात बिल भरपूर येतं. तिथे आधीच एक कोरडी बोअरवेल पडून आहे. तीत पाइप सोडून हेच करता येईल?

---

पेवातला_दाणा

डक्टचं तपासून घ्याच. फर्नेस ५०-५५ अंशांची हवा थोडी-थोडी सोडते, हीट पंप ३५-३८ अंशांची हवा भरपूर सोडतो. ४ टनाला मिनिटाला १,५०० ते १,६०० घनफूट लागते. रिटर्न डक्ट (घरातली हवा मशीनकडे परत आणणारा) अरुंद असेल तर शिट्टीसारखा आवाज येतो, पंख्याची मोटर गरम होते, आणि हिवाळ्यात मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होतं. लोक मग गॅस तपासत बसतात. एकूण स्टॅटिक प्रेशर (डक्टमधून हवा ढकलायला पंख्याला लागणारा दाब) पाण्याच्या ०.५ इंचाच्या आत यायला हवं. बहुतेक घरांत एक जादा रिटर्न काढला की भागतं. शिवाय थर्मोस्टॅट रात्री पाच अंश उतरवून पहाटे चढवायची फर्नेसची सवय सोडा. चढवताना स्ट्रिप लागते आणि रात्रीची बचत पहाटेच जळते.

नाशिकचं उत्तर सरळ 'नको' असं आहे. त्याचं गणित देतो, कारण हा प्रश्न वारंवार येतो.

महाराष्ट्राच्या पठारावर खालची जमीनच २६-२७ अंशांची. त्यात एसीची उष्णता सोडली की लूपचं पाणी ३५ च्या पुढे जाणार. नाशिकची मे महिन्यातली दुपार ३९-४० ची खरी, पण एसी रात्रीही चालतो आणि रात्री बाहेर पंचवीसच्या आसपास असतं. म्हणजे दिवसातल्या थोड्याच तासांसाठी जमीन हवेपेक्षा सरस. एवढ्यासाठी बोअर, पाइप, ग्राउट, पंप हा खर्च कुणाला परवडणार?

दुसरं म्हणजे कोलंबसमध्ये उन्हाळ्यात जमिनीत ठेवलेलं हिवाळ्यात काढलं जातं. पेवात ज्वारी भरायची आणि वर्षभर काढायची तसं. नाशिकला काढायचा हंगामच नाही, फक्त भरणं. एका टनाचा एसी वर्षाला १,२०० तास चालला तर सुमारे ५,३०० युनिट उष्णता जमिनीत जाते. एखाद्या इमारतीसाठी टनाला एक या हिशोबाने सहा-सहा मीटरवर ६० मीटर खोल बोअरची जाळी केली, तर आतल्या बोअरच्या वाट्याला २,१६० घनमीटर बेसॉल्ट येतो. तेवढा खडक एक अंश तापायला सुमारे १,४०० युनिट लागतात. म्हणजे जाळीच्या मध्यावर वर्षाला पावणेचार अंश चढ, आणि बाहेर पडायला वाट नाही. बंगल्याच्या एकट्या बोअरला चारी बाजूंनी खडक मिळतो, तिथे इतकं होणार नाही, पण पहिला मुद्दा उरतोच.

आणि कोरडी बोअरवेल तर आणखी वाईट. पाण्याने भिजलेला खडक आणि भराव उष्णता वाहून नेतात. कोरड्या भोकात पाइप नुसता हवेत लोंबकळतो. त्या बोअरमध्ये पावसाळ्यात गच्चीचं गाळलेलं पाणी सोडलं तर निदान पुनर्भरण होईल. बिलासाठी इन्व्हर्टर एसी, गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली, याच क्रमाने बघा. घरात नाही, पण जिथे गार आणि गरम दोन्ही बारा महिने लागतं, म्हणजे दूध संकलन केंद्र, हॉस्पिटल, हॉटेल, तिथे पाण्यापासून पाण्याकडे चालणारा हीट पंप महाराष्ट्रात झकास चालतो. एका बाजूने दूध गार, दुसऱ्या बाजूने कॅन धुवायला गरम पाणी; बोअरची गरजच नाही.

---

दीड_टनी

नाशिकबद्दल पूर्ण सहमत. ओहायोच्या कामात, सही केल्यावर अंगणात उभं राहून काय काय बघायचं ते लिहितो. एकदा माती पडली की काही दिसत नाही.

यू-बेंड (बोअरच्या तळाशी दोन पाइप जोडणारं वळण) कारखान्यातून जोडून आलेला असावा, खालच्या टोकाला साइटवर केलेला जोड नको. उतरवण्याआधी पाण्याने भरून १०० पीएसआयला दाब देऊन ठेवायचा. भरायचं दुसरं कारण म्हणजे रिकामा पॉलिथिन पाइप बोअरमधल्या पाण्यावर तरंगतो. मग लोक तो काठीने ढकलतात आणि ३५० च्या जागी ३१० फुटांवर अडकला तरी बोलत नाहीत. पाइपवर दर काही फुटांना छापील फूट असतात. जमिनीलगतचा आकडा फोनमध्ये टिपून ठेवा.

बाकीचे सगळे जोड गरम प्लेटने वितळवून केलेले हवेत, सुमारे २६० अंशांवर. पितळी कपलिंग किंवा क्लॅम्प जमिनीखाली अजिबात नको. जोडाभोवती सगळीकडे सारखी वळी उठलेली दिसली पाहिजे. एका बाजूला वळी आणि दुसऱ्या बाजूला सपाट असेल तर पाइप तिरका धरला होता. कापून परत करायला सांगा. बोअरपासून घरापर्यंतचा चर गोठणरेषेच्या खाली, वर इशारा पट्टी आणि शोधतार. बेसमेंटच्या भिंतीतून आत आल्यावर पाइपला इन्सुलेशन पाहिजेच, हिवाळ्यात त्यावर घाम येऊन जमिनीवर डबकं होतं.

मग हवा काढणं. लूपमध्ये हवा राहिली की पंप कुरकुरतो, एक बोअर भरतं आणि दुसरं उपाशी राहतं. फ्लश कार्टचा (हवा काढायला आणतात त्या पंप-टाकीच्या गाडीचा) पंप असा हवा की प्रत्येक पाइपात सेकंदाला २ फूट वेग मिळेल. सव्वा इंचीला ते बोअरमागे मिनिटाला ९ गॅलन, दोन्हींचे मिळून १८. घरातला छोटा सर्क्युलेटर हे करू शकत नाही. दोन्ही दिशांनी अर्धा-अर्धा तास फिरवून झाल्यावर परतीचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा आणि कार्टच्या टाकीतल्या पाण्याची पातळी बघा. दाबाखाली ती इंचाहून जास्त उतरली तर आत अजून हवा आहे, कारण पाणी दबत नाही, हवा दबते.

शेवटी लूपचा दाब. पहिल्या काही आठवड्यांत तो उतरतो. पॉलिथिन सैलावतं म्हणून. लगेच गळती म्हणून घाबरू नका, एक-दोनदा भरून घ्या. त्यानंतरही दर आठवड्याला उतरत राहिला तर मात्र गळती शोधायची. हिवाळ्यात मशीनच्या पाण्याच्या पोर्टला थर्मामीटरची सुई घालून आत-बाहेरचा फरक बघा. मिनिटाला १२ गॅलन असताना पूर्ण क्षमतेवर ४ ते ६ फॅरनहाइट हवा. गॅलन × फरक × ४८५ केलं की ताशी किती बीटीयू जमिनीतून येतायत ते कळतं. फरक ९-१० दिसला तर पाणी कमी फिरतंय: हवा, बंद व्हॉल्व्ह किंवा गाळणीत चुरा. फरक २ च असेल तर पाण्याची बाजू ठीक आहे, दोष गॅसच्या बाजूला.

डीसुपरहीटर (मशीनच्या उष्णतेवर नळाचं पाणी तापवणारा जोडभाग) घेणार असाल तर त्याचं पाणी थेट चालू गीझरमध्ये नको. शेजारी एक बिनविजेची ५० गॅलनची टाकी ठेवा. गीझरमधलं पाणी आधीच तापलेलं असतं, तिथे त्याला उष्णता सोडायला जागाच उरत नाही.

---

ओहायोकर

ब ला होकार कळवला. ग्राउट खरंच पूर्ण भरलं की नाही, हे वरून बघून कळेल का?

---

पाणाड्या

वरून नाही, पोती मोजून कळेल. ६ इंची बोअर, आत सव्वा इंचीचे दोन पाइप (बाहेरून १.६६ इंच). उरलेली जागा फुटाला ०.१६६ घनफूट. ३५० फुटांना ५८ घनफूट, म्हणजे ४३५ गॅलन. दोन बोअरचे मिळून ८७०. पोत्यावर वाळू-पाण्याचं प्रमाण आणि त्यातून किती गॅलन मिश्रण होतं ते छापलेलं असतं. भागाकार करा आणि रिकामी पोती मोजा. ग्राउटची नळी बोअरच्या तळापर्यंत गेलेली हवी आणि भरताना हळूहळू वर ओढत आणायची, तोंडातून ओतायचं नाही. आधी वर गढूळ पाणी येईल, मग पातळ राड, मग नळीतून जातंय तसंच दाट मिश्रण. ते आल्यावरच पंप बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी परत बघा, पाच-दहा फूट खचलेलं असेल तर वरून भर घालायला लावा. गॅलन हिशोबापेक्षा कमी लागले तर मध्ये पोकळी आहे. फार जास्त लागले तर चुनखडकातल्या भेगेने खाल्लं. दुसऱ्या प्रकारात ड्रिलरच्या वाढीव बिलावर भांडू नका, पहिल्यात मात्र हेडरचा (बोअरपासून घरापर्यंतच्या पाइपांचा) चर बुजवायच्या आधी काम थांबवा.